गेणू हवालदारांचा रग्बी कायदा

वारूळवाडीत गेणू हवालदारांना कुणी 'सुभेदार' अशी हाक मारली, की ते थांबायचे, पूर्ण वळायचे आणि समोरच्याला जागेवरच दुरुस्त करायचे.

"हवालदार. सुभेदार व्हायच्या आत घरी आलो. जे न्हाई ते म्हणायचं न्हाई."

समोरचा बिचारा मान द्यायला गेलेला असायचा. तो मान तसाच हातात धरून उभा राहायचा.

दाताचंही तेच. हवालदारांचा वरचा पुढचा दात नव्हता. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी ते फौजेत होते, म्हणजे दात तिकडंच गेला असणार, असं गावानं आपापसात ठरवून टाकलं होतं. लग्नाच्या पंगतीत कुणी पाहुण्याला कौतुकानं सांगू लागलं, "आमच्या हवालदारांचा दात लढाईत पडलाय बरं का," की हवालदार भात कालवता कालवता मान वर करायचे.

"कलकत्त्यात पडला. रग्बी खेळताना. आपल्याच पलटणीतल्या गड्याचं ढोपर लागलं."

पाहुण्याचा चेहरा पडायचा. शेजारी बसलेले भागुजी कपाळाला हात लावायचे. भागुजी म्हणजे हवालदारांचे शाळेपासूनचे सोबती, नारायणगाव आगारात एसटीचे कंडक्टर. गावात हवालदारांना 'गेण्या' म्हणायचा हक्क दोघांनाच होता, एक त्यांच्या आईला आणि दुसरा भागुजींना.

"एवढा चांगला दात," भागुजी म्हणायचे, "लढाईच्या नावावर घातला असता तर सरपंच झाला असतास. कशाला खरं बोलतोस?"

"नियम म्हंजे नियम."

"दाताचा कसला आलाय नियम, गेण्या?"

पण हवालदारांकडे प्रत्येक गोष्टीचा नियम असायचा. गिरणीत डबे कुठल्या क्रमानं लावायचे, पंगतीत वाढप्यानं कुठल्या हातानं सुरुवात करायची, कालव्याचं पाणी आधी कुणाच्या वावरात शिरायचं. फौजेतून त्र्याण्णव साली परत आल्यापासून त्यांनी गावाला शिस्त लावायचं काम हाती घेतलं होतं. गावानं ते काम त्यांच्या हातात राहू दिलं होतं, कारण त्यामुळं गावाचं फारसं काही बिघडत नव्हतं.

रग्बी मात्र गावाच्या पचनी पडली नाही. कलकत्त्याला असताना छाती बघून एका कप्तानसाहेबांनी हवालदारांना पलटणीच्या संघात ओढलं होतं. डोकी एकमेकांत अडकवून बैलासारखं ढकलायचं, एवढंच त्यांचं काम. दूध डेअरीच्या ओट्यावर बसून ते हा खेळ समजावून सांगायचे.

"चेंडू लांबुळका असतो. पुढं फेकायचा न्हाई. मागं फेकायचा, आन आपण पुढं पळायचं."

"म्हंजे तालुक्याच्या कचेरीगत," भागुजी म्हणायचे. "कागद मागं जातो, माणूस पुढं पळतो."

हवालदार हसायचे नाहीत. आपण देशाकडून खेळलो असतो, असं त्यांना मनापासून वाटायचं. पण त्यांच्या उमेदीत भारताचा असा संघच बाहेर जात नव्हता. तो बाहेरच्या देशाशी खेळायला उतरला अठ्ठ्याण्णव साली. तोवर हवालदार गुडघ्याला तेल चोळत ओट्यावर बसले होते.

देश राहिला तो राहिला. त्यांना खरी रुखरुख होती ती गावाची. वारूळवाडीच्या यात्रेत कबड्डीचे सामने व्हायचे, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातली गावं यायची, आणि हवालदारांना फौजेतल्या सगळ्या वर्षांत यात्रेला म्हणून एकदाही रजा मिळाली नाही. दिवाळीला मिळाली, भावाच्या लग्नाला मिळाली, यात्रेला नाही. वारूळवाडीचं निळं बनियन घालून मधली रेषा ओलांडायची राहून गेली. पुढं मुलगा झाला, तो दंडाला भरला, त्याच्या पायाला वेग आला, तेव्हा हवालदारांनी मनातल्या मनात ते बनियन त्याच्या अंगावर चढवून टाकलं. मुलाचं नाव स्वराज. तो पुण्याला आयटीआय करायला गेला आणि यात्रेच्या दिवसांत कायम परीक्षा. बापाची रजा आणि पोराची परीक्षा, दोन्ही एकाच मुहूर्तावर.

त्यात दोन हजार सालची यात्रा आली आणि हवालदारांची झोप घालवून गेली.

अंतिम सामना वारूळवाडी आणि अवसरी बुद्रुक यांच्यात होता. अवसरी म्हणजे हवालदारांची सासुरवाडी. तिथला संघ चालवायचे त्यांचे मेहुणे, सावळेराम. त्यांनी एक नवा गडी आणला होता, पप्पू नावाचा, दाराच्या चौकटीएवढा. हा पप्पू बोलायचा कमी आणि धरायचा जास्त. वारूळवाडीचा जो गडी चढाईला गेला तो पप्पूच्या कवेतच राहिला. ढाल अवसरीला गेली.

"कुठला म्हणायचा हा पप्पू?" हवालदारांनी सामना संपल्यावर विचारलं.

"अवसरीचा," सावळेराम म्हणाले.

"माझं लगीन होऊन बावीस वर्षं झाली. अवसरीतली कुत्री मला वळखत्यात. हा कुठला?"

"दाजी, हरला की असं व्हतंच मानसाला. घ्या, पेढा घ्या."

हवालदारांनी पेढा घेतला. न घेणं नियमात बसत नव्हतं. पण घरी येऊन ते लंकाबाईंवर घसरले. लंकाबाई म्हणजे त्यांची बायको, सावळेरामांची बहीण.

"तुझ्या भावानं भाड्यानं गडी आणला."

"मला काय सांगता? मी का अवसरीची हाय आता?"

"न्हाईतर कुठली? अख्खं गाव तुला 'अवसरीवाली' म्हणतं."

"गाव म्हणतं. तुमी नियमानं सांगा ना, मी कुठली?"

याचा नियम हवालदारांकडे तयार नव्हता. ते बाहेर जाऊन बसले.

त्या पावसाळ्यात ते फौजेच्या कँटीनमधून साबण-तेल आणायला पुण्याला गेले आणि रांगेत त्यांना कलकत्त्याचे कप्तानसाहेब भेटले. आता निवृत्त मेजर, केस पांढरे, आवाज तोच. बोलता बोलता हवालदारांनी पप्पूचं दुखणं सांगितलं. मेजरसाहेब मोठ्यांदा हसले.

"अरे गेणू, ही भानगड तर जगभर चालू आहे. यंदाच वेल्समध्ये काय झालं ठाऊक आहे? दोन गडी आजोबांच्या नावावर वेल्सकडून खेळत होते. मग चौकशी झाली, तर आजोबा वेल्समध्ये जन्मलेच नव्हते."

"मग?"

"मग काय, बोंबाबोंब. रग्बीत पासपोर्टावर ठरत नाही. खेळाडू त्या देशात जन्मलेला पाहिजे. तो नाही, तर आईबापातला एक. तेही नाही, तर आजी-आजोबांतलं एक. यातलं काहीच नसेल तर सलग तीन वर्षं तिथं मुक्काम पाहिजे. आणि एकदा एका देशाच्या मोठ्या संघाकडून खेळलास, की संपलं. आयुष्यभर त्याच देशाचा. उद्या दुसरीकडून उतरता येत नाही."

साबण-तेलाची पिशवी घेऊन हवालदार एसटीत बसले ते राजगुरुनगर येईपर्यंत ओठ हलवत होते. पाठ करत होते.

ग्रामपंचायतीत बैठक भरली तेव्हा त्यांनी उभं राहून तीन बोटं वर केली. जन्म, वंश, मुक्काम. पहिलं बोट, ज्या गावाकडून खेळायचं त्या गावात जन्म. दुसरं, आईबापाचा किंवा आजी-आजोबांचा जन्म. तिसरं, सलग तीन वर्षं मुक्काम. तिन्हींतलं एक तरी पाहिजे. मग त्यांनी तिन्ही बोटांची मूठ केली. "आन एकदा एका गावाकडून खेळला की जलमभर त्या गावाचा."

"हे कुणी केलं?" कुणीतरी विचारलं.

"जगानं केलंय. सगळे देश पाळतात."

"आपल्याकडं देश न्हाईत, गेण्या," भागुजी म्हणाले. "आपल्याकडं हिकडनं बोंब मारली तर नारायणगावात ऐकू जाती."

"गाव काय न् देश काय, नियम सारखाच."

भाड्याच्या गड्यांना सगळीच गावं कंटाळली होती, त्यामुळं नियम मान्य झाला. सावळेरामांनीही निरोप धाडला, दाजी म्हणतील तसं. हा निरोप इतका गोड होता, की खरं तर तेव्हाच हवालदारांनी सावध व्हायला हवं होतं. पण ते खुशीत होते. त्यांच्या हिशेबानं पप्पू कापला गेला होता आणि स्वराज आयटीआय संपवून दिवाळीतच घरी आला होता. यंदा परीक्षा नव्हती.

दोन हजार एकची यात्रा आली. हवालदारांनी पहाटे दोरी धरून चुन्यानं मैदान आखलं. पंच म्हणून भागुजी उभे राहिले. एसटी मागं घेताना वाजवायची शिट्टीच ते गळ्यात घालून आले होते. ती वाजली की प्रेक्षकांतले दोन-चार जण सवयीनं बाजूला सरकत. चिठ्ठ्या टाकल्या तर पहिलाच सामना वारूळवाडी आणि अवसरी. हवालदारांनी हातात माइक घेतला, दोनदा फुंकला आणि अवसरीच्या गड्यांना पुढं बोलावलं. इतरांना त्यांनी भराभर सोडलं. पप्पूपाशी थांबले.

"जन्म कुठला?"

"अकोले तालुका," पप्पू म्हणाला.

"आईबापाचा?"

"तिथलाच."

"आजी-आजोबा?"

"तेबी तिथलंच. आमच्यातलं कुनी लांब जात न्हाई. मीच आलो."

हवालदारांनी गर्दीकडं बघून घेतलं. "मुक्काम?"

"अवसरीत. पोल्ट्रीवर. हे चौथं वरीस."

"सलग? मधी दिवाळीला, यात्रेला घरी गेला असशील महिना-महिना."

पप्पूनं जरा विचार केला. "कोंबड्यांना दिवाळी नसती हवालदार. त्यांना रोजच खायला लागतं."

लोक हसले. अवसरीच्या बाजूनं आठ-दहा जणांनी हात वर केले, पोल्ट्रीच्या मालकानं मान हलवली, एका म्हातारीनं तर हा चार वर्षं आमच्याच नळावर पाणी भरतो आणि बादली उपडी ठेवत नाही, अशी तक्रारच मांडली. याहून पक्का मुक्काम कुठल्या देशातही सिद्ध झाला नसता. हवालदारांनी घसा साफ केला.

"पप्पू, अवसरी बुद्रुक. पात्र."

"आता तुमचं येऊ द्या, दाजी," सावळेराम म्हणाले.

वारूळवाडीचे सहा गडी गावातच टोमॅटो लावत होते, वर्षानुवर्षं हलले नव्हते. ते तिसऱ्या बोटावर बसले. सातवा स्वराज. निळं बनियन घालून तो रेषेपाशी उभा होता आणि हवालदारांच्या आवाजात आपोआप थोडी कवायत आली.

"स्वराज. जन्म वारूळवाडी. पात्र."

"आरं, कुठं वारूळवाडी?"

हा आवाज बायकांच्या घोळक्यातून आला. हवालदारांना तो ओळखायला वेळ लागला नाही, कारण जन्मापासून त्यांनी तोच ऐकला होता. त्यांची आई, धोंडाबाई, पदरानं वारा घेत बसली होती.

"आई, तू मधी बोलू नको."

"बोलू नको कसं? एवढ्या मानसांत खोटं का सांगतो? लंकाचं पयलं बाळंतपण हितं कोन करंल? म्हायेरी नेली व्हती तिला."

हवालदारांच्या हातातला माइक चालूच होता. 'म्हायेरी नेली व्हती' हे शब्द कर्ण्यातून सगळ्या शिवारावर गेले.

"दाजी, सुईनीला सायकलवर बसवून मीच आणली," सावळेराम हात जोडून म्हणाले. "तुमी तवा आसामात व्हता. आमच्या ओसरीवरच्या खोलीत झालाय भाचा. खोली हाय अजून."

हवालदारांना हे माहीत नव्हतं असं नाही. पत्रानं कळलंच होतं त्यांना. पण पोरगा कुठला, तर बापाच्या गावचा. शाळेत नाव घालताना गावानं असंच सांगितलं होतं, आणि हवालदारांनीही. बाळंतपण माहेरी होतं ते बायकांच्या सोयीचं असतं, त्याला कुणी जन्मगाव धरतं का? आता मात्र पहिल्या बोटानं धरलं होतं.

"बरं," ते म्हणाले. "दुसरं बोट. बापाचा जन्म. मी सोता."

म्हणता म्हणता त्यांना शंका आली आणि त्यांनी आईकडं पाहिलं. धोंडाबाईंनी पदराचा वारा थांबवला.

"माझ्याकडं काय बघतो? तू माझा पयला. पिंपळवंडीला झाला, माझ्या बापाच्या घरी."

"आन आबा? माझे वडील?"

"त्ये आण्याला, पठारावर. सासूबाईचं म्हायेर."

"तू?"

"मी ओतूरला. माझ्या आईचं..."

"म्हायेर," सगळ्या मैदानानं एकदम म्हटलं.

भागुजी शिट्टी तोंडात धरून हसत होते, त्यामुळं ती बारीक बारीक वाजत होती. हवालदारांनी तिसरं बोट धरलं. पण स्वराज दोन वर्षं पुण्यात होता, सलग तीन वर्षं कुठून आणणार.

"म्हंजे बघ गेण्या," भागुजी जवळ येऊन म्हणाले, "तू त्र्याण्णव साली आलास, म्हणून तू वारूळवाडीचा. मुक्कामावर. तू आन पप्पू एकाच कलमातले. आन हल्लीची पोरं तर समदी नारायणगावच्या दवाखान्यात जन्मतात. इस वर्सांनी वारूळवाडी आन नारायणगाव एकच देश करावा लागंल."

"आन पोरगं नियमानं आमचं," सावळेराम म्हणाले. "जन्म अवसरी. पात्र."

हशा झाला. मग हळूहळू थांबला, कारण हवालदार हसत नव्हते. स्वराज बनियनचा कोपरा बोटाला गुंडाळत उभा होता. आता अवसरीकडून उतरला, तर जन्मभर अवसरीचा. उतरलाच नाही, तर पुढच्या वर्षी कुठल्या कंपनीत लागेल आणि यात्रेला येईल का, कुणी सांगावं.

"दाजी," सावळेरामांचा आवाज आता चेष्टेचा नव्हता. "खेळू द्या त्याला तुमच्याकडनं. आमची काय हरकत न्हाई. नियम पुढल्या साली बघू."

"खेळू दे, गेण्या," भागुजी म्हणाले. "कोन बघतंय?"

वारूळवाडीची पोरंही तेच म्हणू लागली. हवालदारांनी एवढंच म्हणायचं होतं, की ठीक आहे. पण पप्पूला एवढ्या लोकांसमोर आजा-पणजापर्यंत उकरून काढलं होतं त्यांनी. आता आपल्या पोराला तसंच सोडायचं?

"न्हाई," ते म्हणाले. "स्वराज. वारूळवाडी. अपात्र." माइक भागुजींच्या हातात देऊन ते मैदानाच्या कडेला चुन्याच्या रिकाम्या पोत्यावर जाऊन बसले.

लंकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. हवालदार पाणी प्यायले. त्या गेल्या नाहीत.

"एक विचारू का?"

"आता काय राह्यलंय?"

"तुमी नियमात काय म्हणालात? आजी-आजोबा. पोराला आज्या किती?"

"किती म्हंजे? ही काय आई बसली."

"आजी म्हंजे फक्त तुमचीच आई का?"

हवालदारांनी तांब्या खाली ठेवला. जन्मभर त्यांनी नियम मोजले होते, पण आईबापाची बाजू म्हणताना त्यांनी बापाचीच बाजू मोजली होती, आणि आजी-आजोबा म्हणताना बापाचेच. मैदानावर एवढी माणसं, एवढे पंच, एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

"पण मामी तर अवसरीच्या," ते सासूबाईंबद्दल म्हणाले.

"तुमी पिंपळवंडीचे निघालात. ती अवसरीची कशावरनं?"

हवालदार उठले. मैदान ओलांडून, सगळ्यांच्या देखत, अवसरीच्या बाजूला गेले. टेम्पोच्या सावलीत त्यांच्या सासूबाई सोनीबाई पाय पसरून शेंगा खात बसल्या होत्या. जावई समोर येऊन उभा राहिला तरी त्यांनी शेंग फोडायचं थांबवलं नाही.

"मामी, एक विचारायचं व्हतं. तुमचा जन्म कुठला?"

"बावीस-तेवीस वर्सांत आज विचारलं," सोनीबाई म्हणाल्या. "दर दिवाळीला येता, जेवता, 'अवसरीच्या मामी' म्हणून जाता. माझी आई कुठली, माझं गाव कुठलं, कधी म्हणून तोंडातनं न्हाई."

"चुकलं."

"माझी आई तुमच्या गावची लेक. मारुतीच्या देवळामागं तिच्या बापाचं घर. तिथं झाले मी."

"आमच्या वारूळवाडीत?"

"न्हाईतर काय कलकत्त्यात?"

मागून धोंडाबाई आल्याच होत्या. "म्हणून तर लंका केली तुला. आपल्या गावच्या लेकीची नात. सोयरीक जमवताना हेच तर बगितलं."

"मग मगाशी का न्हाई बोललीस?"

"मला कोन विचारतंय? तू बाप विचारला, आजा विचारला, मला विचारलं. तिकडंचं एकबी मानूस विचारलं का?"

सोनीबाईंना हाताला धरून मैदानात आणलं. भागुजींनी माइक पुढं केला. त्यांनी तो ढकलला, त्यांना त्याची गरज नव्हती. "मी वारूळवाडीला झाले," त्या म्हणाल्या. "ज्याला खोटं वाटत आसंल त्यानं पुढं यावं."

नियमानं हरकत घ्यायचा हक्क समोरच्या संघाचा. सगळ्यांनी सावळेरामांकडं पाहिलं. सावळेरामांनी आईकडं पाहिलं.

"मी काय बोलू?" ते म्हणाले. "घरी जेवायचंय मला."

"मग पोरगं दोन्ही गावाला पात्र," भागुजी म्हणाले. "आता त्यालाच विचारा."

हवालदारांचा ऊर भरून आला. आता पोरगं म्हणेल, बापानं बनियन घातलं नाही, मी घालतो. ते ताठ उभे राहिले.

स्वराजनं दोन्ही बाजू बघितल्या. "मामा, तुमच्याकडं पप्पू धरून सातजण पक्के हायेत. मला काठावरच बसावं लागंल. मी हिकडनंच खेळतो."

भागुजींनी हवालदारांच्या खांद्यावर हात ठेवला. "लई मनाला लावून घेऊ नको. खेळतोय ना?"

"खेळतोय."

माइकवरून घोषणा झाली. स्वराज, वारूळवाडी, आजीच्या जन्मावर पात्र. सोनीबाई शेंगांची पिशवी घेऊन पुन्हा अवसरीच्या टेम्पोकडं निघाल्या.

"मामी, हिकडं बसा की, आपल्या गावाकडं."

"सावळेरामाचा थोरला तिकडनं खेळतोय, त्योबी माझा नातूच. जन्म दिला तुमच्या गावाला, तेवढं बास. वरडणार मी अवसरीच्याच नावानं."

सामना सुरू झाला. पहिल्या दोन चढाया गेल्या. मग स्वराज दम धरून निघाला, कबड्डी कबड्डी करत त्यानं मधली रेषा ओलांडली, डावीकडं हूल दिली, उजवीकडं वळला आणि तिथं पप्पू उभाच होता. पप्पूनं त्याचा घोटा धरला. एवढंच. बाकीचं काम त्याच्या वजनानं केलं. भागुजींची शिट्टी वाजली. स्वराज बाद.

अवसरीकडून आरोळी उठली. वारूळवाडीच्या बाजूला सगळे गप्प झाले. त्या शांततेत एकटे गेणू हवालदार उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"आरं, बाद झाला ना पोरगा?" धोंडाबाईंनी विचारलं.

"झाला."

"मग टाळ्या कशाला वाजवतो?"

"रेषा वलांडली ना आई त्यानं. आता जलमभर आपल्या गावाचा. कुनी नेऊ शकत न्हाई."

धोंडाबाईंनी लंकाबाईंकडं पाहिलं. लंकाबाईंनी तोंडाला पदर लावला.

भागुजींनी शिट्टी वाजवून हातानं खूण केली, खाली बस, मागच्यांना दिसत नाही. सामना चालू असताना प्रेक्षकांनी बसून राहायचं, हा नियमही हवालदारांनीच केलेला होता.

ते बसले नाहीत.